मापाचं डोकं

संग्रामसिंह हे नाव ऐकलं की ढाल-तलवार डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात या गृहस्थाने बेचाळीस वर्षांत एकच लढाई लढली. ती दौलतगंजात, स्वतःच्या गल्लीत, एका ई-रिक्षावाल्याशी झाली आणि तीत तो हरला. खापरपणजोबा फौजेबरोबर दक्षिणेतून ग्वाल्हेरला आले होते. फौज गेली, घोडे गेले, घराकडे राहिली ती पगडी, आणि तीही घालायची नव्हे, दुसऱ्यांसाठी बांधायची. इथल्या मराठी घरात लग्न निघालं की शिंदेशाही पगड्यांसाठी लोक अजून संग्रामच्या वडिलांकडे, सूर्याजींकडे येतात. संग्रामकडे म्हणून कुणी येत नसे. त्याला सगळी गल्ली 'बाळराजे' म्हणते, आणि निम्मे केस पांढरे झाले तरी त्याने कधी हरकत घेतलेली नाही.

ही पगडी एकट्याच्या हातून होत नाही. मलमल इतकी लांब असते की एक टोक दुकानात आणि दुसरं गल्लीच्या तोंडाशी. दोघांनी दोन्हीकडून पीळ देत तिचा दोर करायचा, मग तो दोर फेऱ्यावर फेरा घेत डोक्यावर चढवायचा आणि शेवटी उजव्या कानावर टोक काढायचं. पीळ चालू असेपर्यंत गल्लीतली वाहतूक थांबते. लोक हॉर्न वाजवत नाहीत, कारण प्रत्येकाच्या घरी कधी ना कधी लग्न असतंच.

दूरचं टोक धरणं हे संग्रामचं पहिलं काम. ते झालं की दुकानात येऊन पाटावर बसणं हे दुसरं. कारण सूर्याजी लाकडी ठोकळ्यावर पगडी बांधत नसत. "लाकडाला कान नसतात," ते म्हणत, "आणि टोक तर कानावर यायला हवं." गिऱ्हाइकाच्या डोक्याचं माप दोऱ्याने घ्यायचं, त्या हिशोबाने फेरा सैल किंवा घट्ट करायचा, पण बांधायचं ते संग्रामच्या डोक्यावर. हे त्याच्या सातव्या वर्षापासून चालू होतं. घरात त्याला मापाचं डोकं म्हणत, आणि त्या पदावर त्याने पस्तीस वर्षं इमानाने नोकरी केली.

आता सात वर्षांचं पोर एका जागी बसतं होय? त्याला बसवून ठेवण्यासाठी सूर्याजी गोष्ट सांगत. त्यांना येत होती एकच.

एका राजपुत्राला बापाचा मुकुट मोठा व्हायचा. घातला की थेट नाकावर. राजा म्हातारा झाला होता, पण राजपुत्र म्हणायचा, माझं डोकं जरा वाढू दे, मग घेतो राज्य. वैद्यांनी त्याला बदामाचा शिरा चारला. पोट वाढलं, डोकं होतं तेवढंच राहिलं. शिंप्याने मुकुटात कापूस भरला, तरी मुकुट घसरायचाच. रोज सकाळी उठून राजपुत्र दोऱ्याने डोकं मोजायचा आणि पुन्हा पांघरूण ओढून झोपायचा. एक दिवस खिडकीत परी आली. तिने तो दोरा बघायला म्हणून मागून घेतला आणि घेऊन उडून गेली. दुसऱ्याच दिवशी नदीला पूर आला. वाड्यात पाणी शिरलं तसा राजपुत्र मुकुट उचलून बाहेर पळाला. बाहेर बघतो तर सगळी रयत पाण्यात. त्याने एका काखेत पोर घेतलं, दुसऱ्या काखेत शेळी, मागून एका म्हातारीने त्याचा शेला धरला. मुकुट धरायला हात उरला नाही, म्हणून तो डोक्यावर ठेवला. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, महाराज, पाणी उतरलं. राजपुत्राने वळून मागे पाहिलं, बाबा आले की काय म्हणून. मागे कुणीच नव्हतं.

इथे सूर्याजी टोक काढत, गोष्ट संपे आणि संग्राम पाटावरून सुटे.

या गोष्टीबद्दल संग्रामची मतं वयाप्रमाणे बदलत गेली. लहानपणी त्याला फक्त शेळीची काळजी होती. अठराव्या वर्षी त्याला कळलं की हा आपल्यालाच टोमणा आहे, आणि त्याने दोन महिने पाटावर कानात गाणी लावून बसून निषेध नोंदवला. तिशीपर्यंत त्याने बिर्लानगरात मोबाइलचं दुकान टाकून पाहिलं, एका फोटो स्टुडिओत नोकरी केली, विमा विकला, आणि प्रत्येक वेळी परत येऊन पाटावर बसला. तेव्हा त्याचं म्हणणं असं होतं की राजपुत्राचं काहीच चुकलं नाही. बाप धडधाकट असताना मुकुटाची घाई करणारे राजपुत्र पुढे काय काय करतात, हे इतिहासात वाचा. पुढे त्याने हीच गोष्ट आपल्या मुलीला, सोनिकाला सांगितली. ती तेव्हा आठ वर्षांची होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पप्पा, मुकुटात कापूस होता ना? वो भीग के फूल गया. म्हणून बसला. सिंपल है." संग्रामला हे उत्तर फार आवडलं, कारण त्यात राजपुत्राला काहीच करावं लागत नव्हतं.

खरं कारण त्याने कुणालाच सांगितलं नाही. पगडी बांधणं त्याला अवघड वाटत नव्हतं, पण त्याला भीती वाटायची. ज्या दिवशी आपण बांधू त्या दिवसापासून आबा म्हातारे, असं त्याच्या मनाने धरलं होतं. तो पाटावर बसलेला असेपर्यंत सूर्याजी उभे असत. ते तसेच उभे राहावेत एवढंच त्याला हवं होतं.

यंदा माघात सूर्याजींनी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टर तारीख पुढे ढकलायला तयार होते, पण हे ऐन लग्नसराईतलीच तारीख धरून बसले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी लावून घरी आले आणि खाटेवर बसूनच म्हणाले, "पंधरा दिवस वाकायचं नाही, जोर लावायचा नाही. पांडुरंगरावांच्या नातवाचं लग्न रविवारी आहे. अकरा पगड्या. तू बांध."

"आबा, मी त्यांना सांगतो ना, आबांचा डोळा बरा होऊ द्या म्हणून."

"लग्न थांबवतोस?"

"तसं नाही. पण माझ्याने नाही होणार."

"मग पाटी उतरव," सूर्याजी म्हणाले. "बांधणारा नसेल तर दारावर पाटी कशाला?" आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच संग्रामला कळलं की म्हातारा हे खरंच करेल.

कापडाचं दुसरं टोक धरायला बायको गरिमा उभी राहिली. ती शाळेत शिकवते, त्यामुळे पीळ देताना कुठे कुणाला दम द्यायचा हे तिला बरोबर कळतं. एक स्कूटरवाला गल्लीत घुसला तर तिने त्याला नुसत्या नजरेने परत पाठवला. दोर उत्तम झाला, पण पुढे पंचाईत आली. मापाचं डोकं स्वतःच बांधणारं झालं, आता बांधायचं कुणाच्या डोक्यावर? गरिमा शाळेत गेली. सोनिकाची प्री-बोर्डची परीक्षा चालू होती, आणि तिने डोकं द्यायला स्वच्छ नकार दिला. शेवटी संग्रामने मोठा आरसा भिंतीला टेकवला आणि पगडी स्वतःच्याच डोक्यावर बांधायला घेतली.

हा जगातला बहुधा एकच माणूस असेल ज्याला ही पगडी आतून माहीत होती. कुठला फेरा कुठे दाबतो, कुठे सैल सुटतो, हे त्याच्या कवटीला पाठ होतं. पण बांधली जाताना ती बाहेरून कशी दिसते हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. म्हणून त्याने दुकानातला सूर्याजींचा दसऱ्याचा फोटो खिळ्यावरून काढून आरशाच्या शेजारी टांगला. फोटोत सूर्याजी समोर बघत होते आणि डोक्यावर त्यांची शेंदरी पगडी होती. संग्राम एकदा फोटोकडे बघे, एकदा आरशाकडे, आणि दोन्ही सारखं दिसेपर्यंत हात चालवी. पहिल्या पगडीला अख्खी सकाळ गेली. दुसरी दुपारच्या चहाआधी झाली. कानाला मात्र काहीतरी वेगळं लागत होतं. संग्रामने कानाचं ऐकलं नाही. डोळ्यांसमोर पुरावा असताना कानाला कोण विचारतं?

गुरुवारी संध्याकाळी दहा पगड्या पांडुरंगरावांकडे पोचल्या. पांडुरंगराव दोन गल्ल्या पलीकडे राहतात. त्यांचे पूर्वज दरबारात कारकुनी करत, स्वतः ते बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी एकेक पगडी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, "वा, बाळराजे. सूर्याजीरावांचाच हात उतरलाय." संग्राम घरी आला तो हवेतच. वाटेत त्याने बेसनाचे लाडू घेतले. फोनवरून बहिणीला कळवलं, आणि ज्या ई-रिक्षावाल्याशी हरला होता त्यालाही एक लाडू दिला.

शुक्रवारी सकाळी अकरावी, नवरदेवाची पगडी झाली. फोटो पुन्हा आपल्या खिळ्यावर गेला. संग्राम पगडी घालून त्याच्याच खाली ऐटीत उभा राहिला आणि त्याने सोनिकाला हाक मारली. ती हातात पुस्तक घेऊन आली, दारातच थांबली, आणि वर फोटोकडे, खाली बापाकडे असं दोनतीनदा बघत राहिली.

"पप्पा, आबांचं टोक इकडे आहे. तुमचं उधर कैसे गया?"

संग्रामने हात कानाकडे नेला. टोक डाव्या कानावर होतं. फोटोतला माणूस समोरून बघतो, त्याचा उजवा कान आपल्या डावीकडे येतो. आरशात मात्र आपली डावी बाजू डावीकडेच राहते. त्याने दोन्ही चित्रं एकमेकांशी अगदी तंतोतंत जुळवली होती, आणि म्हणूनच अकराच्या अकरा पगड्या उलट्या झाल्या होत्या. पस्तीस वर्षं डोक्यावर पगडी घेऊन बसलेल्या माणसाशिवाय ही चूक दुसऱ्या कुणाला जमली नसती.

तो पाटावर बसला. सोनिका हसत होती, पण त्याचा चेहरा बघून थांबली. संग्रामच्या मनात एकामागून एक सोयीच्या गोष्टी येऊ लागल्या. पांडुरंगरावांना कळलेलं नाही. व्याह्यांना तर कळायचा प्रश्नच नाही, ते भोपाळचे. ही नवी पद्धत आहे असंही सांगता येईल. आणि आबांना सध्या दिसत नाही. या शेवटच्या विचाराची त्याला इतकी लाज वाटली की तो उठून उभाच राहिला.

"आबांना सांगू का?" सोनिकाने विचारलं.

"नको. आधी ज्यांच्या पगड्या आहेत त्यांना सांगतो."

दोन गल्ल्यांचं अंतर त्याला कधी एवढं लांब वाटलं नव्हतं. पांडुरंगराव अंगणात उन्हात बसून शेंगा सोलत होते. संग्रामने चप्पलही न काढता सगळं एका दमात सांगून टाकलं. पांडुरंगरावांनी चष्मा वर केला.

"अहो, पण आम्हाला काय कळलं असतं? इतकी जुनी रीत आता कोण बघतं?"

"मला कळलंय ना, काका," संग्राम म्हणाला. "सगळ्या सोडतो आणि उद्या इथेच बसून बांधतो. फक्त मला डोकी द्या. ज्याची त्याची."

पांडुरंगरावांनी शेंगांचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "डोकी आहेत. रिकामीच आहेत सगळी."

शनिवारी सकाळी त्या अंगणात न्हाव्याच्या दुकानासारखी रांग लागली. गरिमाने शाळेतून सुट्टी घेतली आणि पिळाचं दुसरं टोक धरलं. पहिले आले नवऱ्यामुलाचे काका, मग मामा, मग इंदूरहून आलेले एक दूरचे आजोबा. फोन वाजला की काका मान वळवत. मामांना पुन्हापुन्हा शिंक येई. आजोबा बसल्या जागी झोपत आणि डोकं पुढे कलंडे. दुसरी पगडी तिसऱ्यांदा सोडावी लागली तेव्हा संग्रामच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "एक राजपुत्र होता. त्याला बापाचा मुकुट मोठा व्हायचा."

काकांनी फोन खाली ठेवला. मामांची शिंक थांबली. संग्राम गोष्ट सांगत गेला आणि हात फेरे घेत गेले. वैद्य आले तेव्हा तिसरा फेरा, परी आली तेव्हा पाचवा. नदीला पूर आला की पीळ आवळायचा, म्हातारीने शेला धरला की कानाकडे वळायचं. पस्तीस वर्षं तो ही गोष्ट ऐकत आला होता आणि त्याच्या लक्षात आलं नव्हतं की ती फेऱ्यांच्या मापाने बेतलेली आहे. आबांनी त्याला टोमणा मारलाच नव्हता. ते त्याला बांधायला शिकवत होते. अंगणात सगळ्यांसमोर त्याला रडू आलं, आणि त्याने ते मामांची शिंक लागली म्हणून खपवलं.

चौथ्या वेळेला अंगणातली पोरं "महाराज, पाणी उतरलं" हे वाक्य त्याच्या आधीच म्हणू लागली. ऊन कलायच्या आत अकरावी पगडी नवरदेवाच्या, ध्रुवच्या डोक्यावर झाली. टोक उजव्या कानावर होतं. संग्रामने खात्रीसाठी त्याच्या शेजारी उभं राहून स्वतःच्या उजव्या कानाला हात लावून पाहिला.

घरी आला तर गरिमा आधीच पोचली होती आणि डोळा पुसायचा कापूस शोधत होती. इस्पितळाने दिलेली निळ्या कागदातली गुंडाळी कालपर्यंत अर्धी शिल्लक होती. "संपला," सूर्याजी म्हणाले. "एवढा कसा संपला, आबा?" तर म्हणाले, "डोळा मोठा आहे माझा." मग संग्रामकडे वळून म्हणाले, "उद्या माझी शेंदरी घेऊन जा."

यात एक जुनी रीत आहे. उघड्या डोक्याच्या माणसाने दुसऱ्याच्या डोक्यावर पगडी ठेवायची नाही. आजवर लग्नात नवरदेवाच्या डोक्यावर पगडी ठेवायला सूर्याजी शेंदरी घालून पुढे होत आणि संग्राम मागे खोकी धरून उभा राही. ती शेंदरी त्याने लहानपणी गुपचूप घालून पाहिली होती, ती नाकावर आली होती. पंचविशीत पाहिली, तेव्हा भुवयांवर. त्यानंतर त्याने पाहिलीच नव्हती.

"मला मोठी होते, आबा."

"घेऊन तर जा. हातात धर," सूर्याजी म्हणाले.

रविवारी फुलबागेजवळच्या मॅरेज गार्डनमध्ये जे व्हायचं ते झालं. दारात सनई, बँड आणि जनरेटर एकाच वेळी सुरू झाले. काकांची पगडी गाडीच्या छताला लागून कलली होती, ती सरळ करायची होती. मामांना नवी शिंक आली. संग्रामच्या एका हातात नवरदेवाच्या पगडीचं खोकं, दुसऱ्या हातात कुणीतरी दिलेलं रडकं बाळ, आणि इंदूरचे आजोबा पायऱ्या चढायला त्याची बाही धरून. सोनिका शेंदरी घेऊन मागून ओरडत होती, "पप्पा, ये कहाँ रखूँ?"

"डोक्यावर ठेव," संग्राम म्हणाला. त्याने खाली वाकून डोकं पुढे केलं, तिने पगडी ठेवली, आणि तो आजोबांना घेऊन पायऱ्या चढून गेला.

पुढचा तासभर त्याला त्या पगडीची आठवणही झाली नाही. ध्रुवच्या डोक्यावर पगडी ठेवली, टोक कानाशी नेमकं बसवलं, बाळ त्याच्या आईला परत दिलं, आजोबांना पंख्याखालची खुर्ची मिळवून दिली. अक्षता पडल्या. मग पांडुरंगराव गर्दीतून वाट काढत आले आणि म्हणाले, "संग्रामराव, चला, पानं वाढलीत."

संग्रामने वळून मागे पाहिलं. मग त्याला आठवलं की संग्रामराव तोच आहे. सूर्याजी घरी खाटेवर होते.

जेवणाआधी हात धुवायला गेला तेव्हा नळाशी आरसा होता. शेंदरी पगडी डोक्यावर नीट बसली होती, कपाळाच्या वर, टोक उजव्या कानावर. त्याला आधी हसू आलं, मग आश्चर्य वाटलं. त्याने ती काढली आणि आत पाहिलं. आतून गोलाकार कापसाचा पट्टा शिवलेला होता, स्वच्छ, इस्पितळातला. टाके मोठे आणि वाकडे होते, एका डोळ्याने घातलेले. एका ठिकाणी निळ्या कागदाचा कपटा चिकटून राहिला होता.

मागे सोनिका येऊन उभी होती. तिने आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "बघा. मी म्हटलं होतं ना, कापूसच होता."

"हो," संग्राम म्हणाला. "तूच बरोबर होतीस." त्याने पगडी पुन्हा घातली आणि पानावर जाऊन बसला.

दुपारी घरी पोचला तेव्हा सूर्याजी दाराशी खुर्ची टाकून बसले होते. त्यांना नीट दिसत नव्हतं, पण पायरव ऐकून त्यांनी मान वर केली.

"बसली का?"

"बसली," संग्राम म्हणाला. तो त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसला. सूर्याजींनी हात पुढे केला, कानाशी टोक चाचपलं, फेऱ्यांवरून बोटं फिरवली, आणि कडेने करंगळी आत घालून पट्ट्याचा टाका कुठे उसवला आहे का ते हळूच बघून घेतलं.